एक फूट बुडायला दहा सेकंद

मी काय काम करते हे नागपूरला आईला फोनवर समजावून सांगायचा पहिला प्रयत्न सपशेल फसला. मी म्हटलं, आई, इथल्या तळ्यात मस्की नावाचा मासा असतो, चार-चार फुटांचा, तोंडात कुत्र्यासारखे दात. तो पकडायला लोक लाकडाचे खोटे मासे घेतात, त्यांना लुअर म्हणतात, ते मी विकते. इथपर्यंत तिला पटलं. मग तिनं विचारलं, एवढ्या मोठ्या माशाचं करतात काय, तळतात की रस्सा? मी म्हटलं, काहीच नाही, पकडतात, लांबी मोजतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. मग आई शांतपणे म्हणाली, "आणि यासाठी तू इंजिनिअर झालीस?"

म्हणून शॉमबर्गहून आपल्या अंकाच्या संपादक मावशींचा फोन आला आणि त्यांनी 'काहीतरी प्रेरणादायी' मागितलं, तेव्हाच मी सांगून टाकलं की प्रेरणा माझ्याकडे मिळत नाही. माझ्याकडे रबरी शेपट्या आणि गंजलेले हुक मिळतात. तरी त्या म्हणाल्या लिहा, तेव्हा आता जे येईल ते त्यांनी छापावं.

बावीस वर्षं मी मिशिगनमध्ये नोव्हायजवळ एका कंपनीत गाडीच्या पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट डिझाइन करत होते. टाकीत किती पेट्रोल उरलंय हे काट्याला कळवणारा तो काळा तुकडा असतो ना, तो. ज्यांची गाडी काटा पाव टाकी दाखवत असताना हायवेवर बंद पडली असेल, त्यांनी मला मनातल्या मनात माफ करावं. मग गाड्या विजेवर चालायला लागल्या. विजेच्या गाडीला टाकी नाही, टाकी नाही तर फ्लोट नाही, आणि फ्लोट नाही तर बाईंचं काय करायचं? एका मंगळवारी सामानाचं खोकं हातात देऊन मला घरी पाठवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, ऑफिसची पिकनिक सेंट क्लेअर तळ्यावर होती. मी बाथरूम शोधत काठावरच्या एका दुकानात शिरले. दुकानाचा मालक जेरी एका बादलीत लाकडी मासे टाकून बघत होता की कोणता किती बुडतो, आणि अंदाजपंचे एकेकावर शिक्के मारत होता. मला ते बघवेना. मी त्याला म्हटलं, बादली फार उथळ आहे, तुला काही कळत नाहीये. अर्ध्या तासानं मिलिंद मला शोधत आला तेव्हा मी कोपरापर्यंत ओली होते आणि मला नोकरी लागलेली होती. आयुष्यभर वस्तू तरंगवल्या, तेव्हापासून बुडवते.

आता बाहेरच्यांसाठी थोडं धंद्याचं. मस्की लवकर गळाला लागत नाही. इथले लोक म्हणतात, एका माशामागे हजारो वेळा लुअर फेकावा लागतो. तो लुअरच्या मागे-मागे बोटीपर्यंत येतो, एखाद्या चिकित्सक सासूसारखा बघतो आणि निघून जातो. त्याला फसवायला जे नाना प्रकार आहेत त्यातला ग्लाइड हा माझा विषय. वीतभर लांबीचा लाकडी मासा, पुढे जीभ नाही की पाती नाही. दोरीला हलका झटका द्यायचा आणि लगेच ढील सोडायची, की तो डावीकडे सरकतो. पुन्हा झटका, पुन्हा ढील, की उजवीकडे. गंमत सगळी ढिलीत आहे. जी माणसं घट्ट धरून ओढतात त्यांच्या हातात हा मासा ओंडक्यासारखा सरळ येतो आणि मग ती माणसं दुकानात येऊन माझ्याशी भांडतात.

यातले काही तरंगतात, काही धोंड्यासारखे बुडतात आणि काही सावकाश बुडतात. सावकाश बुडणारा निवडणं हे खरं कौशल्य. पाणी गार झालं की मासा आळसावतो, पाठलाग करत नाही. मग लुअर त्याच्या नाकासमोर थांबवायचा, आणि थांबवल्यावर त्यानं जरासं खाली जायचं, मरायला टेकलेल्या माशासारखं. फार भरभर गेला तर मासा बघत बसतो, वर गेला तर संशय घेतो. शिवाय तो आडवाच बुडायला हवा. नाक खाली करून बुडणारा लुअर मी शेल्फवर ठेवूच देत नाही. गिऱ्हाईक मात्र यातलं काही विचारत नाही, गिऱ्हाईक रंग विचारतं. रंग माशासाठी नसतोच, तो गिऱ्हाइकासाठी असतो, हे मी पहिल्या महिन्यात शिकले. एक बाई तर नखांच्या पॉलिशला मॅच होणारे लुअर घ्यायच्या, आणि त्यांना मासेही भरपूर मिळायचे, त्यामुळे माझी बोलायची सोय नव्हती.

आपले लोकही येतात. नोव्हायचे एक काका शनिवारी सहकुटुंब आले, सगळ्यात महागडा रॉड घेतला, आणि जाता-जाता मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, काय हो ताई, याला काटे फार असतात का. मी म्हटलं, काका, हा मासा खायचा नसतो, सोडायचा असतो. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. रॉड परत करायला ते सोमवारी हजर. रविवारी विहारात वंदनेनंतर चहा पिताना मलाही लोक छेडतात, की पहिलं शील सांगतं जीवहत्या नको, आणि तुमचा धंदा काय. मी सांगते, मी लाकूड विकते, आणि माशांपेक्षा माणसंच त्यात जास्त अडकतात. हे अगदी खरं आहे. काउंटरखाली आम्ही हुक तोडायची मोठी पक्कड ठेवतो ती माणसांसाठी. एकजण अंगठ्यात आरपार हुक घेऊन आला होता आणि मी तो कापत असताना दुसऱ्या हातानं शेल्फवरचे नवीन लुअर चाळत होता. माझी मुलगी या सगळ्याला एका वाक्यात उडवते, "आई, यू सेल टॉइज टू ओल्ड मेन."

त्या म्हाताऱ्यांतला सगळ्यात खट म्हातारा म्हणजे वॉल्ट. वय बघता 'ते' म्हणायला हवं, पण माझ्या तोंडून निघणार नाही. आयुष्यभर कारखान्यात डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवल्यामुळे जगात दोनच माणसांना बारीक काम येतं असं त्याचं मत होतं, आणि दुसरा माणूस वारलेला होता. सात वर्षं तो दर आठवड्याला यायचा आणि सात वर्षांत त्यानं माझ्याकडून एक वस्तू घेतली नाही. मी काउंटरवर असले तर तो पलीकडे टोप्या बघत उभा राहायचा, जेरी आला की मग पुढे यायचा. मी काहीही सुचवलं की त्याच्या नेमकं उलटं करायचा. मी शिसं भरून तयार केलेला लुअर जेरीकडून घ्यायचा, आणि माझ्यासमोरच खिशातून तार काढून हुकाला दोन वेढे द्यायचा किंवा पोटाला शिशाची टिकली चिकटवायचा. ही टिकली खरंच आपल्या टिकलीएवढी असते, वजन किंचित वाढवायला लावतात. मी बावीस वर्षं हेच केलंय हे मी त्याला एकदा ऐकवलं. तो म्हणाला, गाड्यांसाठी. मी त्याला मनात नागपुरी शिव्या घालायचे.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या दुकानात भिंतीवर एक फळा आहे, पन्नास इंच किंवा त्याहून मोठा मस्की पकडणाऱ्यांची नावं त्यावर लिहितात. या लोकांत पन्नासचा आकडा म्हणजे जवळजवळ पदवीच. वॉल्ट एकतीस वर्षं या तळ्यात मासे पकडत होता आणि त्याचं नाव फळ्यावर नव्हतं. त्याचा मोठ्यात मोठा मासा साडेएकोणपन्नास. शेपटी जरा चिमटीत दाबून ओढली की अर्धा इंच कुठेही मिळतो, फळ्यावरची निदान चार नावं तशी चढलेली आहेत हे मी छातीठोकपणे सांगू शकते. जेरीनंही त्याला म्हटलं होतं, अरे लिहितो मी. वॉल्ट म्हणाला, साडेएकोणपन्नास म्हणजे साडेएकोणपन्नास.

तर हे मागच्या नोव्हेंबरचं आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर इथे हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि मिशिगनमधले निम्मे पुरुष जंगलात गायब होतात. जेरीही गेला. त्या आठवड्यात दुकानात मी एकटी. गुरुवारी सकाळी वॉल्ट आला, टोप्यांपाशी उभा राहिला, जेरीची वाट बघू लागला. मी त्याला दहा मिनिटं टोप्या बघू दिल्या, तेवढा दुष्टपणा माझ्यात आहे. मग सांगितलं की जेरी पुढच्या बुधवारपर्यंत येत नाही.

तो काउंटरशी आला. मग त्यानं जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, काउंटरच्या काचेकडे बघत सांगितलं. गुडघे गेलेत, डोलणाऱ्या बोटीत उभं राहता येत नाही. मुलगी ॲरिझोनात असते, तिनं त्याच्यासाठी घराशेजारी जागा बघितलीय, सोमवारचं विमान आहे. बोट एका दाताच्या डॉक्टरला विकली, तो शनिवारी संध्याकाळी घेऊन जाणार. शुक्रवार आणि शनिवार, दोन दिवस हातात आहेत. जिथे त्याला मोठा मासा दोनदा दिसला होता तिथे पाणी आता बर्फासारखं गार आहे, तिथे थांबवल्यावर अगदी संथ बुडणारा ग्लाइड हवा, शेल्फवर आहेत ते सगळे भरभर बुडतात. मग विचारलं, "तू करून देशील?"

काय सांगू, मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. सात वर्षांनी म्हातारा वठणीवर आला होता. मी शेल्फवरून दहा इंची मेपलचा एक ग्लाइड काढला, त्याच्या पोटातलं शिसं कमी करायला घेतलं. किती वेळ लागेल, त्यानं विचारलं. मी म्हटलं, दहा मिनिटं.

इथे धंद्यातली अजून एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला आजही घाम फुटतो. गार पाणी गरम पाण्यापेक्षा जड असतं. फरक अगदी किंचित, पण सावकाश बुडणाऱ्या लुअरचा सगळा संसारच त्या किंचितवर चाललेला असतो. उबदार पाण्यात जो हळूहळू खाली जातो, तोच गारठलेल्या पाण्यात वर येऊ शकतो. म्हणून आमच्या दुकानातल्या काचेच्या उंच टाकीवर एक पाटी लावलीय: थंडीत आधी बर्फ घाला, थर्मामीटर बघा, मगच लुअर टाका. ती पाटी माझ्या हस्ताक्षरात आहे. जेरी एकदा विसरला होता तर मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. बर्फ मागच्या फ्रीझरमध्ये असतो, टाकी गार व्हायला तासभर लागतो.

त्या दिवशी टाकीतलं पाणी दुकानातल्या हवेसारखंच उबदार होतं. मला माहीत होतं. पण वॉल्ट समोर स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होता, आणि मी दहा मिनिटं म्हणून बसले होते. तासभर थांब म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, गाड्यांसाठी. मी मनातल्या मनात फरकाचा हिशोब केला, शिशाचे दोन बारीक दाणे अंदाजानं जास्त घातले आणि वरून गोंद लावला. अंदाजानं. जेरीला बादलीवरून बोल लावणारी मी. टाकीत सोडला तर काय सुंदर बुडाला तो, अगदी आडवा, एक फूट जायला दहा सेकंद. वॉल्टनं घड्याळ लावून बघितलं आणि काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे पसंतीच.

तो उठला तसा त्याचा हात सवयीनं खिशातल्या तारेकडे गेला. मी त्याला चांगलं दटावलं. म्हटलं, "याला हात लावायचा नाही. तार नाही, टिकली नाही, काही नाही. हा बरोबर आहे." हात खिशातून रिकामा बाहेर आला. संध्याकाळी घरी जाऊन मी मिलिंदला सगळं रंगवून सांगितलं, आणि त्या आनंदात चिकन केलं.

रविवारी विहारात जायचं सोडून मी दुकान उघडलं, कारण जेरी अजून हरणांमागे होता. दहा वाजता वॉल्ट आला. टोप्यांकडे गेला नाही, सरळ काउंटरशी आला आणि लुअर काचेवर ठेवला. त्यावर दाताचा एक ओरखडा नव्हता. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं, तरी मी निर्लज्जासारखं हसून विचारलं, काय, फळा पुसू का जागा करायला?

त्यानं सांगितलं ते कसलाही आव न आणता सांगितलं. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास एक मासा लुअरच्या मागे आला. पाणी नितळ होतं, सगळं स्पष्ट दिसत होतं. बोटीपासून दहा-बारा फुटांवर त्यानं लुअर थांबवला. मासा थांबला, तोंड हातभर अंतरावर. आता लुअरनं जरासं खाली जायचं, की मासा झडप घालणार. लुअर वर निघाला. हळूहळू वर, वर, आणि पाण्यावर येऊन तरंगला. मासा खालून बघत राहिला आणि निघून गेला. मी विचारलं केवढा होता. तो म्हणाला, मोजला नाही, म्हणून सांगत नाही.

मग त्यानं विचारलं, "पाणी गार केलं होतंस का?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. लाकडाचा भरवसा नसतो, दोरीला जोडलेली तार हलकी पडली असेल, हुक बदललेस का, अशी चार कारणं माझ्या जिभेवर तयार होती आणि चारही पटण्यासारखी होती. पण समोर साडेएकोणपन्नासवाला माणूस होता.

"नाही," मी म्हटलं. "तासभर लागला असता. तू बघत होतास, म्हणून मी घाई केली."

त्यानं मान हलवली, जणू हवामानाचा अंदाज ऐकला. म्हणाला, शुक्रवारी सकाळी धक्क्यावरच बघितलं होतं, पाण्यात सोडला आणि सोडल्या-सोडल्या वर आला. मी चाटच पडले. मला रागच आला खरं तर, स्वतःचा राग त्याच्यावर काढावा तसा. मी म्हटलं, अरे बाबा, मग दोन दिवस तो फेकत का बसलास? तार तुझ्या खिशात असते, दोन वेढे दिले असतेस की झालं असतं. जन्मभर माझ्या प्रत्येक लुअरला तू तार गुंडाळलीस, मग याच वेळी काय झालं होतं?

त्यानं काचेवरचा लुअर बोटानं सरळ केला. मग म्हणाला, "हात लावायचा नाही म्हणालीस ना तू. मला वाटलं, तुला काहीतरी माहीत असेल."

मला रडू आलं. काउंटरवर उभं राहून, पन्नाशी उलटलेली बाई, मागे रबरी बेडकांचं शेल्फ. त्यानं बघूनही न बघितल्यासारखं केलं, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. सॉरी म्हटलं मी, तर म्हणाला, मासाच तो. पण दोघांनाही माहीत होतं की फक्त मासा नव्हता. बोट गेली होती, सोमवारी सकाळी विमान होतं, आणि जिथे तो निघाला होता तिथे मैलोन् मैल वाळू.

मला वाटलं आता जाईल. तो गेला नाही. स्टुलावर बसला आणि लुअर माझ्याकडे सरकवून म्हणाला, नीट करून दे. मी विचारलं, ॲरिझोनात याचं काय करणार? तो म्हणाला, ते माझं मी बघेन, तू नीट करून दे.

मी मागून बर्फाच्या चार पिशव्या आणल्या आणि टाकीत रिकाम्या केल्या. थर्मामीटर सोडला. तासभर आम्ही दोघं बसून राहिलो. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी नंतर ये म्हटलं. पाणी तळ्याइतकं गार झालं तेव्हा मी पोटातला गोंद खरवडून काढला, शिशाचा एक दाणा घातला, बघितलं, अजून अर्धा घातला, बघितलं, मग बंद केलं. बोटं इतकी बधिर झाली होती की गोंदाचं झाकण त्यालाच उघडावं लागलं.

लुअर सोडला. पाण्याखाली जाऊन क्षणभर थांबला आणि आडवाच खाली निघाला. वॉल्टनं घड्याळ लावलं. तळाशी टेकल्यावर म्हणाला, पुन्हा. मी काढून पुन्हा सोडला. पुन्हा, म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं घड्याळ बघितलंच नाही, गुडघ्यांवर हात टेकून काचेला नाक लावून तो नुसता बघत राहिला, मासा खाली-खाली जाताना.

"हं," तो म्हणाला. "हा बरोबर आहे."

सात वर्षांत माझ्या कामाला त्यानं बरोबर म्हटलं ते हे एवढंच, आणि तेही एक दिवस उशिरा.